झाकण उघडं ठेवणारी माणसं

जुन्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती असायची आणि चकतीवर आकड्यांची रांग. पाचशे, अडीचशे, सव्वाशे, साठ, तीस... म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग, अडीचशेवा भाग, असं. ही रांग संपली की शेवटी एक इंग्रजी अक्षर यायचं, 'बी'. कॅमेरा बाळगणाऱ्या बहुतेकांनी चकती तिथपर्यंत कधी फिरवलीच नाही. फिरली तर चुकून, आणि मग फोटो पांढराफटक आला म्हणून धुणाऱ्याशी भांडण! हा 'बी' म्हणजे बल्ब. पण दिव्याचा नव्हे. पूर्वी काही कॅमेऱ्यांना रबरी नळी आणि तिच्या टोकाला रबरी फुगा असायचा, डॉक्टरांच्या रक्तदाब मोजायच्या यंत्राला असतो तसा. तो दाबून धरला की हवेच्या दाबानं शटर उघडायचं, सोडला की मिटायचं. फुगा गेला, नाव मागे राहिलं. 'बी'वरचा कॅमेरा जणू सांगतो, 'तू बोट उचलत नाहीस तोवर मी डोळा मिटणार नाही.'

या अक्षरावर आयुष्याच्या रात्री काढलेल्या हौशी माणसांविषयी आज बोलायचं आहे. त्यांच्यापैकी पुष्कळांकडे हवं ते उपकरण नव्हतं. टोपी, पुठ्ठा, बिजागरी, बोल्ट, बिअरचा रिकामा डबा, जे हाताशी आलं त्यावर त्यांनी काम भागवलं. आणि त्या भागवाभागवीतून आकाशाचं जे चित्र जगाला मिळालं, ते डोळ्यांना कधीच मिळालं नसतं.

डोळ्यांना का मिळालं नसतं, ते आधी सांगतो. आमच्याकडे चाँदरातीला सगळं घर गच्चीवर जातं. एकोणतिसाव्या रोजाची संध्याकाळ, पश्चिमेकडे तांबूस उजेड, आणि त्यात नखाएवढी कोर शोधायची. लहानपणी मला वाटे, एकाच जागी टक लावून बघत राहिलो तर कोर हळूहळू उजळत जाईल. तसं होत नाही. आपला डोळा प्रकाश साठवत नाही. क्षणभराचा उजेड घेतो, मेंदूकडे देतो आणि पाटी पुसून पुढच्या क्षणाला लागतो. तासभर बघा, शेवटच्या क्षणी तेवढंच दिसेल. फोटोच्या काचेचं तसं नाही. तिच्यावर पडलेला थेंब थेंब उजेड साठत जातो. गळक्या नळाखाली रात्रभर ठेवलेली बादली सकाळी भरलेली असते, तसं. बादली हलता कामा नये, एवढीच अट.

सगळा इतिहास या अटीचा आहे. १८२६-२७ च्या सुमारास फ्रान्समधल्या एका खेड्यात निसेफोर निएप्स यांनी आपल्या घराच्या खिडकीतून टिपलेलं चित्र हे कॅमेऱ्यानं टिपलेलं सर्वांत जुनं टिकलेलं छायाचित्र मानलं जातं. कथलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर एक प्रकारचं डांबर. हे डांबर उजेडानं घट्ट होतं. पण इतकं सावकाश, की आठ तास लागले असावेत असं पुष्कळ वर्षं सांगितलं जायचं. नंतरच्या अभ्यासकांचा अंदाज तर काही दिवसांचा आहे. त्या चित्रात अंगणाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ऊन पडलेलं दिसतं. सकाळचं ऊनही तेच आणि संध्याकाळचंही तेच. एकाच चित्रात सूर्य उगवून मावळला आहे. कवितेत आम्ही असं काही लिहिलं तर लोक म्हणतात, कल्पना बरी आहे. इथे पत्र्यानं ते खरंच केलं होतं.

बारा वर्षांनी, १८३८ मध्ये, पॅरिसच्या एका हमरस्त्याचं चित्र दागेर यांनी टिपलं. रस्ता गजबजलेला, गाड्याघोड्यांचा. पण काही मिनिटं झाकण उघडं राहिल्यामुळे चालणारं सगळं पुसलं गेलं. घोडे नाहीत, बग्ग्या नाहीत, साहेब नाहीत, मडमा नाहीत. कोपऱ्यावर एक माणूस पाय वर ठेवून उभा आहे, आणि त्याच्या बुटाशी वाकलेली दुसरी एक धूसर आकृती दिसते. बूट पॉलिश चाललं होतं. माणसाचं छायाचित्र म्हणून जी सर्वांत जुनी चित्रं आपल्याला ठाऊक आहेत त्यांत हे पहिलं धरतात. सबंध पॅरिसमधून इतिहासात राहिले ते एक गिऱ्हाईक आणि एक बूटपॉलिशवाला. कारण ते दोघे थांबले होते. दोघांचीही नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत.

त्याच काळात इंग्लंडमध्ये हेन्री फॉक्स टॅल्बट हे सधन गृहस्थ आपल्या घरी, लॅकॉक इथे, हौसेनं हेच उद्योग करत होते. मोठ्या कॅमेऱ्यात चित्र उमटायला फार वेळ जातो, म्हणून त्यांनी उलटा विचार केला. पेटी लहान केली, भिंग जवळ आणलं, म्हणजे तेवढाच उजेड कमी जागेत एकवटतो. गावच्या सुताराकडून त्यांनी छोट्या छोट्या लाकडी पेट्या करून घेतल्या आणि घराभोवती मांडून ठेवल्या. अर्ध्या तासानं गोळा करायच्या, घरात नेऊन उघडायच्या. प्रत्येकीत एक इवलंसं चित्र. त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स या पेट्यांना उंदराचे सापळे म्हणत. १८३५ मध्ये अशाच एका पेटीनं टिपलेलं खिडकीचं चित्र आजही शिल्लक आहे. जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढं.

माणसांचे फोटो सुरू झाले तेव्हा मात्र 'हलू नका' हा प्रश्न मानेपर्यंत आला. स्टुडिओत खुर्चीमागे लोखंडी दांडा असे आणि त्याच्या टोकाच्या चिमट्यात डोक्याची मागची बाजू धरून ठेवत. जुन्या फोटोंतले आपले पणजोबा एवढे गंभीर का, याचं थोडं उत्तर त्या चिमट्यात आहे. शटर नव्हतंच, भिंगावरचं झाकण काढायचं, मोजायचं, पुन्हा लावायचं. झाकण सापडलं नाही तर टोपी. आमच्या मामूंचा तालुक्याच्या गावी स्टुडिओ होता. त्यांच्याकडच्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्यालाही शटर नव्हतं. झाकण काढून ते एकदा सावकाश 'बिस्मिल्लाह' पूर्ण म्हणत आणि झाकण लावत. घड्याळापेक्षा हे नेमकं, असं त्यांचं म्हणणं. पावसाळी दिवशी दोनदा म्हणत.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. जन्म कलकत्त्याचा, १८१५ चा. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी लेकीजावयानं कॅमेरा भेट दिला. कोळसे ठेवायच्या खोलीत त्यांनी अंधारखोली केली आणि कोंबड्यांचं खुराडं हा स्टुडिओ. त्यांच्यापुढे बसणाऱ्याला मिनिटामिनिटांचं स्तब्ध बसणं चुकत नसे. चेहरा किंचित हलायचा, कडा धूसर व्हायच्या, आणि जाणकार म्हणायचे, बाईंना फोटो काढता येत नाही. आज त्याच धूसरपणासाठी त्यांचे फोटो संग्रहालयांत जपले आहेत.

पण आकाश टिपायला एवढी उसंत पुरेशी नव्हती. तेव्हाच्या काचा ओल्या असत. रसायन लावायचं आणि ते वाळायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, सगळं उरकायचं. फिकट तेजोमेघाला एवढ्यात काय उमटणार? ही कोंडी ज्यांनी फोडली ते रिचर्ड लीच मॅडॉक्स पेशानं डॉक्टर. ईथरच्या वाफांनी तब्येतीला त्रास होऊ लागला म्हणून त्यांनी दुसरा उपाय शोधला. १८७१ मध्ये त्यांनी जिलेटिनचा कोरडा थर सुचवला, पेटंट घेतलं नाही. पुढे इतरांनी तो सुधारला आणि कोरड्या काचा दुकानात मिळू लागल्या. आता झाकण तासन्‌तास उघडं ठेवता येणार होतं.

१८८० च्या सप्टेंबरात अमेरिकेतले हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातला तेजोमेघ ५१ मिनिटांत टिपला. हेही डॉक्टर. ३० जानेवारी १८८३ ला लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन या सांडपाण्याच्या कामांच्या इंजिनिअरानं घरामागच्या बागेतून, ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीनं, तोच तेजोमेघ ३७ मिनिटांत टिपला. त्या काचेवर असे तारे आले होते, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. वेधशाळांतल्या पगारदार शास्त्रज्ञांना हे मान्य करावं लागलं. पुढच्या वर्षी त्यांना रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १८८८ च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स यांनी लिव्हरपूलजवळून देवयानी नक्षत्रातला तेजोमेघ चार तास टिपला, आणि तो धुरकट ठिपका भोवऱ्यासारखा वळणं घेतलेला आहे हे प्रथमच दिसलं. रॉबर्ट्स इमारती बांधणारे कंत्राटदार. ही नवी ग्रहमाला जन्मते आहे असं त्यांना वाटलं. ती आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा आहे हे कळायला आणखी पस्तीसेक वर्षं जायची होती. चित्र मात्र खरं होतं.

चार तास काच जागेवर ठेवायची, म्हणजे काय? पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. पन्नास मिलिमीटरच्या साध्या भिंगातूनही दहा-बारा सेकंदांत ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होऊ लागते. दुर्बीण घड्याळाच्या यंत्रावर बसवून ताऱ्यांमागे फिरवायची, पण ते यंत्र कधी पुढे धावे, कधी मागे रेंगाळे. म्हणून एक माणूस शेजारच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसे. आत कोळ्याच्या तंतूंची फुली. त्या फुलीवर एक तारा धरायचा, तो केसभर सरकला की हातातला स्क्रू केसभर फिरवायचा. मान वळवायची नाही, शेकोटी नाही, डोळा हटवायचा नाही. पैसेवाल्या हौशींनी पुढे यासाठी पगारी मदतनीस ठेवले. चित्राखाली नाव मालकाचं असे.

म्हणून मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो एडवर्ड बर्नार्ड. अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथे १८५७ मध्ये जन्मला. बाप जन्माआधीच गेलेला, घरी अठराविश्वं दारिद्र्य, शाळा मिळाली ती दोनेक महिन्यांची. बाकी अक्षरं आईनं शिकवली. नऊ वर्षांचा होताना त्याला गावातल्या फोटो स्टुडिओत कामाला लावलं. स्टुडिओच्या छपरावर फोटो मोठे करायचं एक अवाढव्य यंत्र होतं, त्याला 'ज्युपिटर' म्हणत. विजेचे दिवे नव्हते, सूर्याचाच उजेड भिंगातून कागदावर पाडायचा. कागदावर चित्र यायला वेळ लागे आणि सूर्य तर सरकणार. तेव्हा या पोरानं छपरावर उभं राहून चाकं फिरवत यंत्राचं तोंड सतत सूर्याकडे ठेवायचं, हे त्याचं काम. त्याच्या आधीची पोरं उन्हात डुलक्या घेत. हा घेत नसे. त्या स्टुडिओत त्यानं सतराएक वर्षं काढली.

पुढे त्यानं जवळजवळ आठ महिन्यांचा पगार घालून पाच इंची दुर्बीण घेतली. नवा धूमकेतू शोधणाऱ्याला तेव्हा एक औषधवाला धनिक दोनशे डॉलर बक्षीस देई. बर्नार्डनं धूमकेतू शोधले आणि त्या पैशांवर घर बांधलं. शेवटी कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेत नोकरी लागली. आता तो हौशी राहिला नव्हता, पण हत्यार बघा त्यानं कोणतं निवडलं! वेधशाळेत तेव्हा जगातली सर्वांत मोठी भिंगाची दुर्बीण होती. आकाशगंगेचा पट्टा टिपायला तिचा उपयोग नव्हता, ती फार थोडं आकाश दाखवी. बर्नार्डनं वापरलं ते स्टुडिओतलं, माणसांचे फोटो काढायचं, दुसऱ्याकडून आलेलं सहा इंची जुनं भिंग. समोर बसलेल्या माणसाला फार वेळ ताटकळावं लागू नये म्हणून ही भिंगं भरपूर उजेड घेतील अशी केलेली असत. डोक्याच्या चिमट्याचा जाच कमी करायला निघालेली वस्तू. ती एका दुर्बिणीच्या पाठीवर बांधली आणि तो रात्र रात्र फुलीवर तारा धरून बसला. आकाशगंगेतले ताऱ्यांचे ढीग आणि त्यांच्यामधले काळे डाग इतके स्पष्ट आधी कुणी पाहिले नव्हते. हे डाग म्हणजे आकाशाला पडलेली भोकं, असं पुष्कळांना वाटे, आरंभी त्यालाही. वर्षानुवर्षं काचा बघून तो या मतावर आला की समोर काहीतरी आडवं आलं आहे, धुळीसारखं. १९१९ मध्ये त्यानं अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली. १८९२ मध्ये फोटोवरून धूमकेतू सापडला, तोही प्रथम त्यालाच. छपरावर डुलकी न घेण्याची सवय त्याला जन्मभर पुरली असणार, असं मी आपलं म्हणतो. शास्त्रज्ञ म्हणणार नाहीत.

आता थोडं आपल्या मुलखाकडे. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. करमाळ्याजवळच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला तळ टाकून होते आणि लिक वेधशाळेचे कँपबेलही. कँपबेल यांचा कॅमेरा चाळीस फुटी. एवढं धूड सूर्यामागे फिरवणार कसं? त्यांनी नळी जागीच ठेवली आणि मागची काच घड्याळाच्या यंत्रानं हळूहळू सरकवली. वऱ्हाडात तळणीला मात्र इंग्लंडच्या हौशी खगोलमंडळाचा छोटा तंबू होता, त्यात ॲनी माँडर होत्या. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकलेल्या. बायकांना तिथे तेव्हा पदवी देत नसत. ग्रिनिचच्या वेधशाळेत आकडेमोडीच्या नोकरीला होत्या. लग्न झालं, नोकरी सोडावी लागली. तळणीला त्यांनी स्वतःचा लहानसा कॅमेरा आणला होता. ग्रहणाची खग्रास स्थिती दोन मिनिटांची, तिथे जास्त वेळ झाकण उघडं ठेवणं म्हणजे काच धुरकटण्याचा धोका. त्यांनी तो पत्करला. त्यांच्या काचेवर सूर्याच्या प्रभामंडळाचा एक झोत उमटला, सूर्यबिंबाच्या कितीतरी पट लांब. तोपर्यंत एवढा लांब झोत कुणालाच टिपता आला नव्हता, चाळीस फुटीवाल्यांनाही नाही. १९१६ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं बायकांना सभासद करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्या काहींत त्या होत्या. रेल्वेनं वर्ध्याहून बडनेऱ्याकडे जाताना तळणी स्टेशन लागतं. मी प्रत्येक वेळी खिडकीतून बघतो. बघण्यासारखं तिथे काही नाही.

विसाव्या शतकात फिल्म आली, कॅमेरे हाती आले, पण ताऱ्यांमागे फिरणारी यंत्रं सामान्यांच्या खिशाबाहेरच राहिली. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात स्कॉटलंडच्या जी. वाय. हेग यांची एक युक्ती छापून आली. दोन फळ्या, एक बिजागरी, एक बोल्ट. पुस्तकासारख्या उघडणाऱ्या फळ्या. खालची पक्की बसवायची, वरचीवर कॅमेरा. बिजागरीचा दांडा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. पुण्यात साडेअठरा अंशांवर, नागपुरात एकवीसवर. मी बी. ए. झालेला माणूस, तरी हे गणित मला समजलं, म्हणजे तुम्हाला समजेलच. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी घेते, म्हणजे मिनिटाला पाव अंश. तेव्हा वरची फळी मिनिटाला पाव अंश उघडली पाहिजे. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या बोल्टचे आटे एकेक मिलिमीटर अंतरावर असतात. असा बोल्ट बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर बसवला आणि मिनिटाला एक फेरा दिला, की बरोबर पाव अंश साधतो. बोल्टच्या डोक्याला काडी लावायची आणि घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर ती फिरवत बसायचं. बोल्ट सरळ आणि फळीची वाट गोल, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांनंतर चूक साचायला लागते; पण तेवढ्यात आकाशगंगा उमटलेली असते. नंतर काहींनी बोल्टच वाकवून ती चूकही काढली. एका स्नेह्यांच्या गच्चीवर मी अशी काडी फिरवली आहे. पंचविसाव्या मिनिटाला हात भरून येतो आणि बर्नार्डविषयी आदर वाढतो.

फिल्मची आणखी एक खोड होती. उजेड निम्मा तर वेळ दुप्पट, हा हिशेब दिवसा चालतो, पण फार मंद उजेडात फिल्म सुस्तावते, मग कितीही वेळ द्या. कार्ल श्वार्झशिल्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे मोजून दाखवलं होतं. त्यावर १९७०-८० च्या दशकांत हौशी लोक फिल्मच नायट्रोजन आणि थोड्या हायड्रोजनच्या मिश्रणात कोमट ठेवून 'तापवू' लागले, म्हणजे तिच्यातली ओल आणि ऑक्सिजन निघून जाई आणि तिची भूक टिके. कोणी कॅमेऱ्यातच कोरडा बर्फ भरून फिल्म थंड केली. आणि सर्वांत स्वस्त युक्ती टोपीची. शटर उघडताना कॅमेरा थरथरतो, म्हणून भिंगासमोर काळी टोपी धरायची, मग शटर उघडायचं, थरथर शांत होऊ द्यायची, मग टोपी बाजूला. १८४० सालच्या स्टुडिओतली टोपी दीडशे वर्षांनी पुन्हा कामाला आली.

आता सगळं संगणकावर आलं. एक लांब फोटो घेण्याऐवजी शंभर छोटे घ्यायचे आणि यंत्रानं त्यांची बेरीज करायची. काही जुनी मंडळी याला लबाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. नळ तोच, बादलीच्या जागी शंभर पेले आले. एवढं मात्र खरं, की आता माणूस आत जाऊन झोपतो. ताऱ्यावर डोळा ठेवून चार तास बसणं त्यात राहिलं नाही, आणि त्या चार तासांत माणसाला आकाश जे शिकवत असे त्याला पर्याय निघालेला नाही.

दिवसाउजेडी झाकण उघडं ठेवायची हौस अलीकडची. त्यासाठी लागणारी काळी काच महाग, म्हणून पोरं वेल्डरची काच आणून रबरबँडनं भिंगावर बांधतात. फोटो हिरवा येतो. तो काळापांढरा करून टाकतात. गेटवे ऑफ इंडियासमोर भरदुपारी, तिपाई लावू दिली तर, अशी काच बांधून चार-पाच मिनिटं शटर उघडं ठेवलं की पर्यटकांची गर्दी विरून जाते. दागेरच्या पत्र्याला नाइलाजानं जे झालं, तेच आता मुद्दाम करायचं. एका जागी उभा राहिलेला चणेवाला असेल तर तो उरतो.

आणि शेवटचा हा बिअरचा डबा. २००० च्या सुमारास युरोपात काहींनी नवा खेळ काढला. रिकाम्या डब्याला सुईनं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद गुंडाळून ठेवायचा, आणि डबा खांबाला बांधून सहा महिने विसरून जायचं. भिंग नाही, शटर नाही. भोकातून प्रतिमा पडते हे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी ग्रहणाच्या कोरी भिंतीवर पाडून तपासलं होतं. नवं काय, तर त्यापुढे कागद ठेवून वाट बघणं. सूर्य रोज थोडा वर, थोडा खाली जातो आणि रोजची एक रेघ ओढतो. ढगाळ दिवशी रेघ तुटते. २०१२ मध्ये इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठात कलेचं शिक्षण घेणाऱ्या रेजिना फाल्कनबर्ग यांनी विद्यापीठाच्या वेधशाळेत दुर्बिणीच्या घुमटावर असा डबा बांधला. आधीचे त्यांचे काही प्रयोग ओलीनं वाया गेले होते. हाही डबा राहून गेला. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या एका कर्मचाऱ्यानं तो काढला तेव्हा आतल्या कागदावर आठ वर्षं आणि एक महिना साठलेला होता, २९५३ कमानी, एकाखाली एक.

या कागदाला रसायनात धुवत नाहीत. धुतला तर सगळाच काळा होईल. उन्हानंच तो रंगतो. पण न धुतलेला कागद उजेडाला अजून जागाच असतो, म्हणून बाहेर काढला की मंद प्रकाशात ठेवून स्कॅनरवर एकदाच घालतात. स्कॅनरचा दिवा त्यावरून जातो आणि तो दिवाही कागदावर थोडासा उमटतो. मग कागद काळ्या पाकिटात घालून पाकीट चिकटवून टाकतात.